कोथरूडला जमलं

ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घराला माणसाने अंतर देऊ नये, असं शुभंकर गावंडेचं ठाम मत होतं. निष्ठा ही विद्यार्थिदशेतली एकमेव खरी कमाई, बाकी सगळे बॅकलॉग, असंही तो म्हणायचा. शनिवार पेठेतल्या इंदुबाईंच्या मेसमध्ये तीन वर्षं दोन्ही वेळ जेवून त्याने हे मत बनवलं होतं, आणि ते तीन वर्षं टिकलंही. मग मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सौरभ नावाचा त्याचा वर्गमित्र त्याला कोथरूडच्या एका मेसमध्ये गेस्ट म्हणून घेऊन गेला. दुसरी पोळी ताटात पडेपर्यंत मत बदललं होतं. तिसरी पोळी त्याने मताशिवायच खाल्ली.

यात इंदुबाईंचा दोष होता असं नाही. शुभंकर पडला कारंज्याचा. तिकडे भाजी वाढली की आधी लाल तर्री दिसते, आणि खाली हात घातल्यावर भाजी कसली आहे ते कळतं. इंदुबाईंकडे तिखटाचा डबा होता, पण तो फिनेलच्या बाटलीसारखा वरच्या फळीवर, लहान मुलांच्या हाताला लागू नये असा ठेवलेला असे. आमटीत गूळ, उसळीत साखर, आणि आठवड्यातून चार दिवस दुधी. उरलेले तीन दिवस दुधी नसे. तेव्हा पडवळ असे.

कोथरूडला सगळंच निराळं होतं. मेसच्या मालकीण कल्याणीताई दारात टेबल टाकून बसत. त्यांच्याकडे छापील फॉर्म होता आणि जेवणाचे प्लॅन होते. प्लॅन ए म्हणजे एक वेळ, प्लॅन बी म्हणजे दोन वेळ. प्लॅन सी कसला, असं विचारलं की "तो नाहीये" असं उत्तर मिळे. बुधवारी तर्रीवाली वांग्याची भाजी, बाकीच्या दिवशी तर्रीची आठवण राहील इतपत तिखट. एक जागा पहिल्या एप्रिलपासून रिकामी होत होती आणि तिच्यासाठी अकरा मुलं नंबर लावून होती. सौरभने शब्द टाकला म्हणून कल्याणीताईंनी ती शुभंकरसाठी एकतीस तारखेच्या दुपारपर्यंत अडवून धरली. "फॉर्मवर पालकाची सही लागेल," त्या म्हणाल्या. "दुपारी दोन म्हणजे दोन. दोन वाजून पाच मिनिटांनी मी तुम्हाला ओळखणार नाही."

प्रश्न एवढाच होता की इंदुबाईंना सांगायचं कसं.

हा प्रश्न साधा नव्हता. दोन वर्षांपूर्वी साईनाथ नावाचा एक मुलगा न सांगता दुसऱ्या मेसला जायला लागला होता. इंदुबाई त्याला एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त आठ दिवस त्याच्या जागेवर ताट वाढून त्यावर दुसरं ताट झाकून ठेवत राहिल्या, आणि कोणी विचारलं की "येईल तो" म्हणत राहिल्या. त्या झाकलेल्या ताटासमोर बसून जेवणाऱ्या मुलाला पुढे ॲसिडिटीचा त्रास सुरू झाला. इंदुबाईंचे यजमान बापूराव दारातल्या खुर्चीवर बसून कोण आलं नाही त्याचे खाडे वहीत मांडायचे. ते साईनाथचा खाडा अजून मांडतात.

तेव्हा शुभंकरने चार दिवस आरशासमोर तालीम केली. पाचव्या दिवशी दुपारी सगळे जेवून गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला. इंदुबाई तांदूळ निवडत होत्या.

"काकू, जरा बोलायचं होतं."

"दुधीबद्दल असेल तर नको बोलूस."

"दुधी नाही. ते... माझं कोथरूडला जमलंय."

तालमीत या वाक्यात 'मेस' हा शब्द होता. आयत्या वेळी तो ओठांपर्यंत आला आणि समोर इंदुबाईंना बघून परत गेला. मराठी भाषेची ही एक सोय आहे. कर्ता गाळला तरी वाक्य चालत राहतं. कुठे चालत जातं, ते ज्याचं त्याने बघावं.

इंदुबाईंचा हात तांदळात थांबला. "जमलं?"

"हो."

"कधी?"

"मागच्या आठवड्यात. दोनदा जाऊन आलो. एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी."

"नीट पाहिलंस ना सगळं? माणसं कशी आहेत?"

"साधी आहेत. कमी बोलतात. स्वच्छता आहे."

"आणि कधी म्हणतायत?"

"पहिल्या तारखेपासून. थांबायला तयार नाहीत, काकू. अकरा मुलं रांगेत आहेत."

इंदुबाईंनी पदर डोळ्यांना लावला. शुभंकरला साईनाथचं झाकलेलं ताट आठवलं. पण त्या तसं काहीच वागल्या नाहीत. उलट तांदळाचं ताट बाजूला सारून उठल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हे एक ना एक दिवस व्हायचंच होतं, म्हणाल्या. जन्मभर कोण माझ्या हातचं खाणार आहे. शुभंकरला स्वतःची लाज वाटली. एवढ्या मोठ्या मनाच्या बाईला आपण चार दिवस घाबरत होतो!

"पण तुला असा कोरडा नाही जाऊ द्यायची मी," इंदुबाई म्हणाल्या. "रविवारी तुझं केळवण करते."

आता लग्न ठरलेल्या मुलाला किंवा मुलीला घरी बोलावून जेवू घालतात, त्याला पुण्यात केळवण म्हणतात, हे कोणालाही माहीत आहे. कारंज्याकडेही ही पद्धत आहे, पण तिकडे तिला गडगनेर म्हणतात. पुण्यात तीन वर्षं काढूनही शुभंकरने केळवण हा शब्द ऐकला नव्हता, कारण तीन वर्षांत त्याला पुण्यात कोणी कशालाही बोलावलं नव्हतं. केळ्यांचं काहीतरी असणार, असा त्याने अंदाज बांधला. शिकरणाचा थोरला भाऊ असावा.

"करा की," तो म्हणाला. "फक्त फार गोड नको."

रविवारी त्याच्या शंकेचं निरसन झालं. त्याच्या एकट्याच्या पुढ्यात केळीचं पान होतं. केळीच्या पानावर वाढतात म्हणून केळवण, हे त्याच्या लगेच लक्षात आलं आणि मराठी भाषेविषयीचा त्याचा आदर वाढला. पानाभोवती रांगोळी होती. पाटाखालीही रांगोळी होती, ती कशासाठी ते पाटालाच ठाऊक. श्रीखंड होतं, मसालेभात होता, अळूची भाजी होती, बटाट्याची भाजी होती आणि तीन वर्षांत पहिल्यांदा दुधीही नव्हता, पडवळही नव्हतं. इंदुबाईंनी त्याला ओवाळलं. बापूरावांनी शर्टाचं कापड दिलं. मेसमधल्या अठरा मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुणेकरांबद्दल आपण उगाच वाईट बोलत होतो, असं शुभंकरला वाटलं. मेस सोडणाऱ्याचा हे लोक एवढा मान करतात, हे आधी कळलं असतं तर आपण तीन वर्षांत निदान तीनदा सोडली असती.

तो पहिला घास उचलणार, एवढ्यात मुलांनी गिल्ला केला. नाव घ्या, नाव घ्या. नाव घेतल्याशिवाय घास नाही. कोथरूडच्या मेसला नाव नव्हतं. सगळे मालकिणीच्या नावानेच तिला ओळखत. तेव्हा शुभंकरने तेच सांगितलं.

"कल्याणीताई."

हशा झाला. इंदुबाई हसल्या नाहीत.

"ताई कसं म्हणतोस रे?"

"सगळेच म्हणतात, काकू. वयाने मोठ्या आहेत ना."

"किती मोठ्या?"

"असतील दहा-एक वर्षांनी." इंदुबाईंचा चेहरा पाहून, इथे माणसांची जरा ओळख करून द्यावी, असं त्याला वाटलं. "चांगल्या आहेत स्वभावाने. मुलगा दुसरीत आहे त्यांचा. हुशार आहे. पाढे म्हणून दाखवले मला."

मग बापूराव घाईघाईने उठले आणि इंदुबाईंना स्वयंपाकघरात घेऊन गेले.

बापूराव ग्रंथालयातून निवृत्त झाले होते. त्यांनी उभ्या आयुष्यात समाजसुधारणेवर साडेतीनशे व्याख्यानं ऐकली होती. प्रत्यक्ष सुधारणा अशी एकही करायला मिळाली नव्हती. पेठेत सुधारण्यासारखं जे होतं ते त्यांच्या जन्माआधीच लोकांनी सुधारून टाकलं होतं. आणि आता आपल्याच मेसमधला, आपल्याच दुधीवर वाढलेला मुलगा विधवाविवाह करत होता, तोही पदरी मूल असलेल्या बाईशी, तोही वयाने थोरल्या! त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी इंदुबाईंना खालच्या आवाजात बजावलं की त्या मुलाला एकही आगाऊ प्रश्न विचारायचा नाही, अशा प्रसंगी समाजाचं कुतूहलच माणसाला मारतं. शुभंकर बाहेर दुसऱ्यांदा मसालेभात घेत होता.

पुढच्या आठवड्यात त्याची आणखी चार केळवणं झाली. समोरच्या झेरॉक्सवाल्यांकडे एक, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांकडे एक, गिरणीवाल्या मुक्ताईंकडे एक, आणि ज्यांच्याकडे तो कॉट बेसिसवर राहायचा त्यांच्याकडे एक. हे घरमालक पंख्याच्या रेग्युलेटरला कुलूप लावणारे गृहस्थ. त्यांनी स्वतःच्या हाताने त्याला जिलबी वाढली आणि पंखा पाचवर केला. बापूरावांनी सगळ्यांना ताकीद दिलेलीच होती, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. फक्त जेवून निघताना प्रत्येक जण त्याचा हात दोन्ही हातांत धरून "धीर सोडू नका" म्हणायचा. कोथरूडला दोन वेळ जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटर होतात, त्याबद्दल म्हणत असतील, असं शुभंकरने धरून घेतलं.

त्यानंतरच्या सोमवारी पेठेतल्या ज्येष्ठ विचार मंडळाने त्याचा सत्कार ठेवला.

हे मात्र त्याला थोडं जास्त वाटलं. पण विचार केल्यावर पटलं. इंदुबाईंचं जेवण तीन वर्षं विनातक्रार जेवलेला दुसरा कोणी पेठेच्या इतिहासात नसेलही. खाली भांड्यांचं दुकान आणि वर हॉल. सदतीस ज्येष्ठ खुर्च्यांवर बसले होते. शाल झाली, श्रीफळ झालं. अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापक होते. समाजाने आखलेल्या वाटा सोडून जायला वाघाचं काळीज लागतं, ते म्हणाले, आणि ज्या वयात मुलं स्वतःपुरतं बघतात त्या वयात या तरुणाने दुसऱ्याचं घर उभं करायला हातभार लावला. मग त्यांनी सत्कारमूर्तींना दोन शब्द बोलायची विनंती केली.

शुभंकर शाल सावरत उठला.

"मी काही विशेष केलेलं नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "मला दोन वेळच्या जेवणाची सोय हवी होती. त्यांच्याकडे एक जागा रिकामी होती. माझं इथे भागत नव्हतं. त्यांना रिकामी जागा ठेवून परवडत नव्हतं. पटलं तर पुढे चालू ठेवू, नाही पटलं तर महिनाअखेरीला सांगू, असं ठरलंय. एवढंच आहे."

मग पहिल्या रांगेतून एकाने टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळा हॉल उभा राहिला. लग्नसंस्थेची इतकी स्वच्छ व्याख्या आपण पन्नास वर्षांच्या संसारात ऐकली नव्हती, असं अध्यक्ष आपल्या पत्नीसमोर म्हणाले. पत्नी म्हणाल्या, "मी ऐकली होती. फक्त मला महिनाअखेरीचं कोणी सांगितलं नाही."

हे सगळं चालू असताना इंदुबाई घरी खाड्यांची वही घेऊन बसल्या होत्या. वहीच्या मागच्या पानावर, अडीअडचणीला लागतील म्हणून, मुलांच्या घरचे नंबर होते. सुधारणा सुधारणेच्या जागी ठीक आहे, पण ज्या बाईने मुलाला जन्म दिला तिला हे सगळ्यांच्या शेवटी कळावं, हे त्यांना पटेना. त्यांनी कारंज्याला फोन लावला. शुभंकरची आई कौशल्याबाई होत्या फोनवर. इंदुबाईंनी आधी अभिनंदन केलं, मग बाकीचं सांगितलं. पलीकडून भांडं पडल्याचा आवाज आला.

एकतीस तारखेला सकाळी साडेसातला कौशल्याबाई शनिवार पेठेत हजर झाल्या. वडिलांना दुकान सोडता येत नव्हतं, म्हणून सोबत धाकटा भाऊ होता, सुखदेवमामा. पंचायत समितीत कारकून, अंगाने मोठे, बोलायला कमी. हातात एक भली मोठी बॅग. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून दोघांचे चेहरे इस्त्री न केलेल्या कपड्यांसारखे झाले होते. शुभंकरला मात्र आनंदाने काय करू नि काय नको झालं. फॉर्मवर पालकाची सही हवी होती आणि पालक स्वतःच्या पायाने आले होते. आपण मेस बदलतोय हे आईला कोणी सांगितलं असेल, असा प्रश्न त्याला पडला नाही. गेल्या पंधरा दिवसांत सगळ्याच गोष्टी आपोआप चांगल्या होत होत्या.

"आई, बरं झालं आलीस. दोनच्या आत जायचं आहे आपल्याला."

कौशल्याबाईंनी पदर खोचला. "चाल," त्या म्हणाल्या. "दाखव मले."

इंदुबाई म्हणाल्या, मीही येते. बापूराव म्हणाले, मी तर येणारच. तिघं रिक्षात बसली. बापूरावांच्या स्कूटरवर मागे शुभंकर बसला. कर्वे रस्त्याच्या प्रत्येक सिग्नलला बापूराव मान वळवून त्याला सांगत होते की आईचा विरोध हा सुधारणेचा पहिला टप्पा असतो, डगमगायचं नाही. आईचा कोथरूडला विरोध कशासाठी असेल, हे शुभंकरला कळलं नाही. पाणी कमी येतं म्हणून असेल.

दुपारचे बारा वाजले होते. कल्याणीताई दारातल्या टेबलाशी फॉर्मचा गठ्ठा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पाच माणसं आलेली पाहिली आणि पेनाचं टोपण काढलं.

"कोणासाठी?"

कौशल्याबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. बाई गव्हाळ, नीटस, कपाळावर टिकली. "माह्या पोरासाठी," त्या म्हणाल्या.

"बरं. एक वेळचं की दोन्ही वेळचं?"

कौशल्याबाईंनी भावाकडे पाहिलं. मामांनी छताकडे पाहिलं. शेवटी बापूराव पुढे झाले आणि घसा साफ करून म्हणाले, "कायमचं."

"कायमचं आमच्याकडे कोणी नसतं," कल्याणीताई म्हणाल्या. "महिन्याचं बोला. आवडलं तर पुढचा महिना, नाही तर दुसरीकडे बघायचं. आम्ही अडवत नाही."

"आन् लोक काही म्हनत नाहीत तुमाले?" कौशल्याबाईंचा आवाज चिरकला.

"म्हणतात ना. मीठ कमी आहे म्हणतात. बासष्ट मुलं आहेत सध्या, सगळ्यांच्या मनासारखं कसं होणार?"

कौशल्याबाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. खुर्चीने आवाज केला. तेवढ्यात आतून एक माणूस पिठाने कोपरापर्यंत पांढरे झालेले हात वर धरून आला आणि गॅस संपत आलाय म्हणून गेला. बापूरावांना कशी कोण जाणे, शंका आली. हे कोण, त्यांनी विचारलं.

"माझे मिस्टर."

"म्हणजे," बापूरावांनी चष्मा काढला, "अजून आहेत?"

"जातील कुठे? तीनशे पोळ्यांची कणीक कोण मळणार?" कल्याणीताईंनी घड्याळाकडे पाहिलं. "हे बघा, तुमचं घरगुती नंतर बोला. नियम सांगते. गेस्ट आणायचा तर आदल्या दिवशी सांगायचं. सोडायचं असेल तर आठ दिवस आधी सांगायचं."

या शेवटच्या वाक्यावर इंदुबाईंनी मान वर केली. हे वाक्य त्यांचं होतं. गेली बावीस वर्षं त्या ते जसंच्या तसं म्हणत आल्या होत्या.

"खाडा किती दिवसांचा धरता?" त्यांनी सावकाश विचारलं.

"सलग तीन."

"रविवारी संध्याकाळी?"

"बंद."

इंदुबाई वळल्या. शुभंकर हसतमुखाने आईसाठी पेन घेऊन उभा होता.

"मेस?" इंदुबाई म्हणाल्या.

"हो, काकू. सांगितलं होतं ना तुम्हाला. कोथरूडला जमलंय म्हणून."

"मी तुला श्रीखंड घातलं," इंदुबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच शुभंकरच्या हातातलं पेन खाली आलं. "पाटाखाली रांगोळी काढली. दुसऱ्याच्या बायकोला घेऊन पळाला असतास, तर एक वेळ मी तुझ्या आईची समजूत घातली असती. पण दुसऱ्याची मेस?"

आणि त्या बाहेर पडल्या.

मग उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही. लग्नाचं कोणी बोललंच नव्हतं, असं शुभंकर म्हणाला. मग केळवण कशाचं जेवलास, बापूराव म्हणाले. केळीच्या पानाचं, शुभंकर म्हणाला. केळवण म्हणजे आपल्याकडचं गडगनेर, हे कळल्यावर कौशल्याबाईंना आधी रडू आलं, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम आलं आणि कल्याणीताईंनी न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. "भाजीसाठी मले रातभर गाडीत बसवलं," कौशल्याबाई भावाला सांगत होत्या. "भाजीसाठी, सुखदेव." आलाच आहात तर जेवून घ्या, कल्याणीताई म्हणाल्या, गेस्ट धरते, आदल्या दिवशी सांगितलं नसलं तरी. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता. नशिबाने बुधवार होता.

शुभंकर मात्र दाराशी उभा होता. इकडे टेबलावर फॉर्म होता, आईच्या हातात पेन होतं, आतून तर्रीचा वास येत होता. तिकडे इंदुबाई भर उन्हात रिक्षा स्टँडकडे चालल्या होत्या, पदर डोक्यावर घेऊन, एकदाही मागे न बघता. पावणेदोन तास हातात होते. आधी इंदुबाई, मग सही, असं त्याने ठरवलं आणि पळत सुटला.

स्टँडवर रिक्षावाला शनिवार पेठेला यायला नाही म्हणत होता आणि इंदुबाई त्याच्याकडे बघत होत्या. त्यांच्या बघण्यामुळे तो हळूहळू हो म्हणायला लागला होता.

"काकू."

"काय आहे त्यांच्याकडे असं?"

शुभंकरने खोटं बोलायचा विचार केला. पण गेले पंधरा दिवस खरं बोलून जे झालं होतं, ते पाहता खोट्याचा भरवसा वाटेना. "तर्री," तो म्हणाला.

"तिखट हवं होतं तुला?"

"हो."

"तीन वर्षांत एकदा तरी मागितलंस?"

मागितलं नव्हतं, हे खरं होतं. "मागितलं असतं तर दिलं असतंत?"

"नसतं दिलं," इंदुबाई म्हणाल्या. "पण मागायला काय झालं होतं?"

त्या रिक्षात बसल्या. मी जात नाही, तुमच्याकडेच राहतो, असं शुभंकर बोलून गेला. इंदुबाई म्हणाल्या, उपकार नकोत. साडेसातला पानं घेते, उशीर केलास तर आमटी संपलेली असेल. रिक्षा गेली. शुभंकर अर्धा तास स्टँडच्या कठड्यावर बसून राहिला.

स्टँडपासून मेसपर्यंत दोनशे पावलं. पहिली पन्नास पावलं शुभंकर फार उदात्त मनःस्थितीत चालला. पुढच्या पन्नासांत भूक लागल्याचं जाणवलं. दीडशेव्या पावलाला त्याला प्लॅन ए आठवला. एक वेळ! संध्याकाळी इंदुबाई, दुपारी कोथरूड. दुपारी कॉलेजात असतो म्हणायचं. निष्ठा अर्धी केली तरी निष्ठाच राहते, अर्धी पोळी काय पोळी नसते? तो शेवटची पावलं जवळजवळ धावलाच.

आत आई आणि बापूराव जेवून बडीशेप खात होते. सुखदेवमामा टेबलाशी वाकून काहीतरी लिहीत होते. सकाळपासून त्यांनी तोंड फक्त जेवायला उघडलं होतं. आता सही करून त्यांनी पेनाला टोपण लावलं, आणि शुभंकरला पाहून थोडे ओशाळले. त्यांना ऑफिसने संगणक प्रशिक्षणासाठी पुण्याला पाठवलं होतं. तीन महिने. उद्यापासूनच. बॅग त्यासाठीच होती. सकाळपासून सांगेन म्हणत होते, पण भलताच विषय चालला होता.

"तू पयालास तिच्या मागं," मामा म्हणाले. "मले वाटलं, तुले नाही पायजे."

"पण ही विद्यार्थ्यांसाठी आहे ना?" शुभंकरने कल्याणीताईंना विचारलं.

"शिकायलाच आलेत ना ते? मग विद्यार्थीच." कल्याणीताईंनी फॉर्म गठ्ठ्यात सरकवला. "पालकाची सही त्यांच्या बहिणीने केलीय. प्लॅन बी. पुढचा."

बापूरावांनी पेठेत खरं काय ते कधीच सांगितलं नाही. समाज अजून तयार नाही, एवढंच ते म्हणाले आणि त्यावर विचार मंडळाने एक परिसंवाद घेतला. इंदुबाईंनी शुभंकरचं पान मांडलं, पण त्या दिवसापासून त्याला एकेरी हाक मारणं बंद केलं. "अहो गावंडे, आपल्याला आमटी वाढू का?" असं त्या सगळ्या मुलांदेखत विचारतात, आणि ती आमटी गिळताना त्याला गुळाचा काहीच त्रास होत नाही, इतर त्रास होतो.

पंधरा दिवसांनी त्याच्याने राहवेना. त्याने मामांना फोन केला. बुधवारच होता. इकडची-तिकडची चौकशी करून झाल्यावर त्याने हळूच विचारलं, तिथलं जेवण कसं आहे.

मामांनी तोंडातला घास गिळला.

"साधारण हाय," ते म्हणाले.